आल्बीची थंड गाडी

बॉथवेल, टास्मानिया
११ मे १९८३

क्लॅरी,

पाकिटावरचं अक्षर अनोळखी आहे म्हणून तू हे पत्र फोडशील, असा माझा अंदाज आहे. मी मर्ल, तुझी भावजय. आल्बीचं अक्षर असतं तर तू ते न वाचताच चुलीत टाकलं असतंस, हे मी जाणून आहे.

तुम्हा भावांच्या भांडणात मला पडायचं नाही. चौदा वर्षं पडले नाही, आता कशाला पडू. मला गाडीबद्दल विचारायचं आहे.

आधी बातमी सांगते. मार्चमध्ये आल्बीला झटका आला. मेंढ्यांकडे गेला होता, तिथेच कुंपणाला टेकून बसलेला सापडला. उजवी बाजू गेली आहे. बोलण्यात तीन शब्द उरलेत: ‘मर्ल’, ‘थांब’ आणि ‘नको’. ‘नको’ तो सगळ्यालाच म्हणतो. चहाला नको म्हणतो आणि मग चहा पितो.

सध्या होबार्टच्या इस्पितळात आहे. तिथली सिस्टर हॅनाफिन म्हणते, आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी त्याला आणायची सोय करा आणि ऑगस्टअखेर घरी न्या. सोय नसेल तर आमच्या नेव्हिलने बर्नीला एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. बर्नी इथून चार तासांवर. नेव्हिल तिथे राहतो, त्याला ते सोयीचं. मुलगा वाईट नाही. पण आल्बी तिथे गेला तर भिंतीकडे तोंड करून पडेल आणि पुन्हा वळणार नाही. मला तो घरी हवा आहे.

तो चालवायचा तो ट्रक मळ्याच्या मालकाचा होता, मालकाने नेला. राहिली ती तू बांधून दिलेली स्टेशन वॅगन. एकोणऐंशीपासून शेडमध्ये उभी आहे. किल्ली फिरवली की ‘टक्’ करते आणि गप्प बसते. आल्बीने दुसऱ्या कुणालाही तिचं बॉनेट उघडू दिलं नाही, त्यामुळे तिच्या पोटात काय आहे ते जगात दोनच माणसांना ठाऊक. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही. तेव्हा दुसऱ्याने लिहून सांगावं. करायचं ते मी करीन. लोकर कातरणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक वीस वर्षं केला आहे, पान्याला घाबरत नाही.

या पत्राचं आल्बीला माहीत नाही.

मर्ल


विंटन, क्वीन्सलँड
२३ मे १९८३

मर्ल,

पत्र फोडलं. आल्बीचं वाचून वाईट वाटलं. यापुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही, म्हणून गाडीकडे वळतो.

फोन करायच्या भानगडीत पडू नकोस. चाळीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी काढली, कान कामातून गेलेत. लिहिलेलंच बरं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. ती गाडी माझ्या दारातून निघाली तेव्हा घड्याळासारखी चालत होती. तुम्ही दोघं आम्हा भावांचं इथलं गॅरेज सोडून निघालात म्हणून मी चार महिन्यांचे रविवार घालवून ते इंजिन बांधलं होतं. त्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. ‘गाडी तुझ्यासारखीच निघाली, कितीही चालवा, ऊब म्हणून नाही.’ मी सोडून जातोय म्हणून तू मुद्दाम खराब इंजिन गळ्यात बांधलंस, असंही पुढे होतं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. उत्तर द्यावंसं वाटलं नाही. असो.

आता काम. एका वेळी एकच गोष्ट करायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर गुण कशाचा आला ते कुणालाच कळणार नाही.

बॅटरी नवी आण, जुनीवर वेळ घालवू नकोस. टाकीतलं पेट्रोल सगळं काढ. चार वर्षांचं पेट्रोल म्हणजे वार्निश. टाकीपासून निघणारी रबरी नळी दाबून बघ, तडकली असेल तर बदल. एअर फिल्टरचं झाकण उघड, आत उंदीर असतील. प्लगच्या वायरी जिथून निघतात ती डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढ, आत दोन छोटे पॉइंट एकमेकांना टेकलेले दिसतील. ते काळे पडले असणार. बारीक पॉलिश पेपरची घडी घालून मधून दोन-चारदा ओढ, जास्त नको.

मग किल्ली फिरव आणि काय झालं ते लिही. काय झालं तेच लिही, तुला काय वाटलं ते नको. गिऱ्हाईकं नेहमी वाटलेलंच सांगतात.

क्लॅरी


बॉथवेल
६ जून १९८३

क्लॅरी,

काय झालं ते लिहिते.

फिल्टरमध्ये उंदीर नव्हते, त्यांचं घर होतं. आल्बीची रविवारची हॅट मी तीन वर्षं शोधत होते, ती तिथे सापडली. कुरतडून कापूस केलेली. पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास होता. नळी हातात घेताच तुटली. पॉइंट घासले. चौथ्या वेळेला गाडी सुरू झाली. आयव्हीने टाळ्या वाजवल्या. आयव्ही म्हणजे आमच्याकडची पोस्टबाई, शेजारीच राहते, सगळ्यांची पत्रं पोचवते आणि न फोडता मजकूर ओळखते.

सुरू झाली, पण पुढे सरकली नाही. मागचं डावं चाक धरून बसलंय.

आणि इंजिन नीट चालत नाही. पडसं झालेल्या माणसासारखं खोकतं, मध्येच ठोका चुकवून मिसिंग मारतं. मागून काळा धूर येतो. एक प्लग काढून पाहिला, काजळी धरलेला. पुसून परत लावला तर पाव तासाने पुन्हा तसाच.

शुक्रवारी बसने होबार्टला गेले होते. आल्बीला म्हटलं, शेडमधली गाडी सुरू झाली. ‘नको’ म्हणाला. मग बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसला. नखांत ग्रीस होतं. मी कितीही घासलं तरी गेलं नाही.

मर्ल


विंटन
१५ जून १९८३

मर्ल,

तू गिऱ्हाइकांपेक्षा बरी आहेस.

चाकाचं आधी. जॅकवर गाडी घे, खाली लाकडी ठोकळे दे, नुसत्या जॅकवर विसंबू नकोस. चाक काढ, त्यामागचा ब्रेकचा ड्रम हातोडीने हळूहळू कडेने ठोकत सोडव. आत ब्रेकचा छोटा सिलिंडर असेल, गंजून अडकला असणार. तो काढून नवा बसव. मग आयव्हीला आत बसवून ब्रेक दाबायला लाव आणि तू खालून ब्रेकच्या तेलातली हवा काढ. दाब म्हटलं की तिने दाबायचं, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. नवरा-बायकोने हे काम एकत्र करू नये. शेजारणी करू शकतात.

जे काढशील त्याला चिठ्ठी बांध. हा माझा नाही, आल्बीचा नियम. आमच्या गॅरेजमध्ये कुठलाही भाग काढला की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहून तांब्याच्या तारेने त्याला बांधायचो. तार पिळून झाली की आल्बी तिचं टोक आत मुडपायचा, नंतर हात घालणाऱ्याच्या बोटाला टोचू नये म्हणून. मी कधी मुडपलं नाही. माझी बोटं सगळी टोचलेली आहेत.

प्लगवर काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा नीट जळत नाहीये. चोक, म्हणजे थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा दट्ट्या, पूर्ण आत जातो का बघ. आणि आणखी एक. इंजिनवर तेल ओतायचं तोंड असतं, त्याचं झाकण उघडून आतून कसं दिसतं ते मला सांग. स्वच्छ असेल तर छान. पांढरं काही असेल तर मला लगेच लिही.

आल्बी जेवतो का?

क्लॅरी


बॉथवेल
२७ जून १९८३

क्लॅरी,

आल्बी जेवतो. डाव्या हाताने, आणि निम्मं गळ्यातल्या फडक्याला भरवतो.

चाक सुटलं. ब्रेक लागतो आणि सुटतोही. आयव्हीला मी ‘सोड’ म्हणायला विसरले आणि ती सव्वा तास पाय दाबून बसली होती, मी आत चहा टाकायला गेले होते. आता ती माझ्याशी जपून बोलते. सगळ्या भागांना चिठ्ठ्या बांधल्या, टोकं मुडपली.

चोक पूर्ण आत जातो. चोक आत ढकलला की मात्र गाडी बंद पडायला बघते.

तेलाच्या झाकणाच्या आत पांढरं आहे. दाट, पिवळट पांढरं, कस्टर्डसारखं. बोटाने पुसलं तर निघतं. पुसून गावात एक फेरी मारून आले, पुन्हा आलेलं होतं.

हे काय आहे? ऑगस्टअखेरपर्यंत नऊ आठवडे आहेत. त्याआधी नोंदणीची तपासणीही व्हायची आहे. नेव्हिलने बर्नीचे कागद पाठवले आहेत. मी ते घड्याळामागे ठेवलेत.

मर्ल


विंटन
६ जुलै १९८३

मर्ल,

हे लिहायला मी एक दिवस घालवला.

झाकणाखाली पांढरं म्हणजे तेलात पाणी. तेलात पाणी म्हणजे हेडगॅस्केट, इंजिनच्या डोक्याखालचं तेल-पाणी वेगळं ठेवणारं अस्तर, गेलं, किंवा त्या डोक्यालाच, हेडला, चीर पडली. या गॅरेजात मी हे चाळीस वेळा पाहिलं असेल आणि एकदाही दुसरं काही निघालं नाही. पाणी कमी असताना कुणीतरी इंजिन तापवलं असणार.

हे काम तुझ्याच्याने होणार नाही. तू कमी पडतेस म्हणून नाही, हेड उतरवून सपाट करायला मोठं वर्कशॉप लागतं. इतक्या जुन्या गाडीवर कुणी ते करायलाही घेणार नाही. आहे तशी चालवलीस तर एक दिवस ती रस्त्यात बसेल, आणि बाजूला आल्बी असेल. ते मला चालणार नाही.

गाडी भंगारात दे. घरी न्यायची दुसरी काही वाट बघ.

मी बांधलेलं इंजिन आहे, हे लिहिताना मला बरं वाटलेलं नाही.

क्लॅरी


बॉथवेल
१८ जुलै १९८३

क्लॅरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी रागावलेली नाही. चाळीस वेळा पाहिलेल्या माणसाशी वाद घालायला माझ्याकडे काय आहे?

दुसरी वाट नाही. बस शुक्रवारी एकदाच जाते. आयव्हीकडे सायकल आहे. गावात विचारलं, एक-दोनदा कुणीही नेईल. पण आठवड्यातून दोनदा, वर्षभर, कोण नेणार? मी तरी कुणाच्या दारात किती वेळा उभी राहू?

गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, भंगारवाला स्पॉल्डिंग गाडी टोचन करून न्यायला येतोय. बर्नीच्या कागदांवर मी सही केली आहे, अजून टाकले नाहीत. आल्बीला सांगितलं. ‘नको’ म्हणाला. दोनदा म्हणाला. त्याच्या ‘नको’चा काही हिशोब नाही हे तुला लिहिलंच आहे, पण या वेळी चहा समोर नव्हता.

आता जाणारच आहे तर तिच्याबद्दल खरं ते लिहिते. चांगली गाडी होती. तिने कधी रस्त्यात सोडलं नाही. फक्त चालली त्या दहा हिवाळ्यांत एकदाही आमचे पाय गरम झाले नाहीत. हीटर लावला की थंड वारा यायचा, जास्त लावला की जास्त थंड. मी घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचे. सिस्टर हॅनाफिनने बजावलंय की आल्बीला गारठ्यात अजिबात बसवायचं नाही, त्याच्या त्या बाजूला रक्त पोचत नाही. त्यामुळे इंजिन धड असतं तरी हीटरचं कोडं राहिलंच असतं. आल्बी थंडीत रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा. त्याने जरा बरी चालायची, खोकला कमी व्हायचा. तापमानाचा काटा तर मी कधी तळाशी सोडून कुठे पाहिलाच नाही. मला वाटायचं तो बिघडलेला आहे.

आणि पाणी कमी असताना तापवलं असं जे तू लिहिलंस, ते तेवढं मला लागलं. आल्बी रोज सकाळी पाणी बघायचा. मीही मे महिन्यापासून रोज बघते. थेंबभर कमी झालेलं नाही.

पाने पुसून, तेल लावून ठेवले आहेत. तुला पाठवू का? माझ्या काही कामाचे नाहीत.

मर्ल


तार
विंटन, २७ जुलै १९८३

गाडी देऊ नकोस. मी चुकलो. पत्र आणि पार्सल निघालं. क्लॅरी


विंटन
२७ जुलै १९८३

मर्ल,

तार वेळेवर पोचली असेल असं धरून लिहितो. पोचली नसेल तर स्पॉल्डिंगच्या अंगणातून गाडी परत आण.

तुझं पत्र दुपारी आलं. पाणी थेंबभर कमी झालं नाही, हे वाचलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. हेडगॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालंच असतं. मी तुला ते विचारायला हवं होतं, विचारलं नाही. मग पुठ्ठा वाचला. मग काटा. मग हीटर. चौदा वर्षांपूर्वी आल्बीने ‘ऊब नाही’ लिहिलं ते मी शिवी म्हणून वाचलं. ते त्याने दुखणं सांगितलं होतं. शिवी पुढे होती.

प्रत्येक इंजिनमध्ये पाण्याच्या वाटेवर एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात. पितळेची, बांगडीएवढी. इंजिन गरम होईपर्यंत ती बंद राहते, गरम झालं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडते. इथे विंटनला पंचेचाळीस डिग्रीत ती झडप म्हणजे डोक्याला ताप. अडकली की इंजिन उकळतं. म्हणून नवी गाडी गॅरेजात आली की आम्ही पहिलं काम ते करतो: झडप काढून टाकतो. माझ्या बापाने तेच केलं, आम्ही तेच केलं, गावातले सगळे तेच करतात. आम्हा दोघा भावांच्या डोक्यात ती झडप इंजिनचा भागच नाही. आल्बीने ते इंजिन शंभर वेळा तपासलं असेल, पण जी वस्तू तिथे असतेच असं त्याला कधी वाटलं नाही ती नाही हे त्याला दिसणार कसं? मलाही दिसलं नाही.

तुमच्याकडच्या थंडीत त्या इंजिनात बर्फासारखं पाणी सतत खेळतंय. ते कधी तापतच नाही. म्हणून पेट्रोल नीट जळत नाही, म्हणून काजळी, म्हणून खोकला, म्हणून हीटरमध्ये थंड वारा. आणि तो पांढरा थर म्हणजे खिडकीच्या काचेवर दव धरतं तसं झाकणाखाली धरलेलं दव, तेलात घुसळलेलं. आमच्या हवेत दव कसलं धरणार. त्यामुळे इथे पांढऱ्याचा अर्थ एकच होतो, आणि मी तो तुझ्या गळ्यात मारला.

खात्री कर. तेलाची पट्टी बाहेर काढून बघ. पट्टीवरचं तेल काळं पण स्वच्छ असेल तर गॅस्केट ठणठणीत आहे.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एका जाड तारेत या काढलेल्या झडपा चिठ्ठ्यांसकट ओवून ठेवलेल्या आहेत, तीस वर्षांच्या. का ठेवल्या ते विचारू नकोस. आज त्या सगळ्या खाली घेतल्या आणि तुमच्या गाडीची शोधून काढली. जवळजवळ नवीच आहे. पार्सलमध्ये ती आहे आणि तिच्याखाली बसवायचं पुठ्ठ्याचं गॅस्केट आहे.

आधी परीक्षा घे. दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत धर, तळाला टेकवू नकोस. पाणी उकळायच्या आधी तिने उघडायला हवं, नखाएवढी फट पडेल. बाहेर काढलीस की मिटेल. मिटली तर बसव. रेडिएटरची वरची नळी इंजिनला जिथे मिळते तिथे दोन बोल्ट आहेत. थोडं पाणी काढ, बोल्ट सोड, झडप ठेव, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. उलटी बसवू नकोस.

ती झडप मी काढली होती. एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीत, इंजिन बांधताना. आल्बीला सांग, त्याचं म्हणणं खरं होतं. गाडीत ऊब नव्हती, आणि ती मीच काढून घेतली होती. चौदा वर्षं मी त्याच्यावर रुसून बसलो तो माझा मूर्खपणा. मला माफ कर असं लिहायची मला सवय नाही. पण लिहितो आहे.

क्लॅरी


बॉथवेल
१२ ऑगस्ट १९८३

क्लॅरी,

स्पॉल्डिंगने साखळी लावली होती. त्याचा पाय क्लचवर होता तेव्हा आयव्ही टपाल कार्यालयातून धावत आली. हातात तुझी तार, पायात एकच बूट. ती या गावात तीस वर्षं राहते आहे, धावताना तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. स्पॉल्डिंग म्हणाला, बाई, माझी अर्धी सकाळ गेली. मी त्याला फळांचा केक बांधून दिला. मग तो म्हणाला, गाडी परत द्यावीशी वाटली तर सांगा, केकसहित नेईन.

तेलाची पट्टी काढली. काळं तेल, पांढऱ्याचं नाव नाही. मी शेडमध्ये उलट्या बादलीवर बसले आणि रडले. मार्चपासून रडले नव्हते, वेळच झाला नव्हता.

पार्सल चार तारखेला आलं. झडप होती, गॅस्केट होतं. चिठ्ठी मात्र नव्हती, नुसती तांब्याची तार होती, टोक आत मुडपलेलं. चिठ्ठी वाटेत गळून पडली असेल. तार मी जपून ठेवली आहे, तुमच्याकडचं काही फेकायला मन होत नाही.

पातेल्यात परीक्षा झाली. आयव्हीने दोरा धरला, मी बघत होते. पाणी फुरफुरायला लागलं आणि ती अगदी हळू उघडली. बाहेर काढली, मिटली. आयव्ही म्हणाली, पुन्हा कर. आम्ही चार वेळा केलं. त्या पातेल्यात आता मी सूप करणार नाही.

बसवायला दुपार गेली. एक बोल्ट सुटेना, त्याला मी तुझ्या नावाने काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मग सुरू केली आणि पुढच्या मेल्टन मोब्रे गावापर्यंत गेले. गावाबाहेर पडेपर्यंत काटा हलला. मला वाटलं डोळ्यांचा भास आहे. हळूहळू वर आला, मध्यावर आला आणि तिथेच राहिला. हीटर सुरू केला. क्लॅरी, माझ्या चष्म्यावर वाफ धरली. रस्ता दिसेना म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

खोकला गेला. नवे प्लग घातले, ते स्वच्छ राहतात. काल तपासणी झाली. तपासनिसाने खालून-वरून बघितलं, ब्रेक कुणी केले विचारलं. मी म्हटलं, मी आणि पोस्टबाईने. त्याने शिक्का मारला.

बर्नीचे कागद चुलीत टाकले. सही केलेले कागद छान जळतात.

आल्बीला अजून काही सांगितलं नाही. एकतीस तारखेला त्याला गाडीत बसवीन, मग वाटेत सांगेन.

मर्ल


बॉथवेल
२ सप्टेंबर १९८३

क्लॅरी,

आल्बी घरी आहे. आत्ता खिडकीशी बसला आहे आणि मेंढ्यांना ‘नको’ म्हणतो आहे.

बुधवारी दोन परिचारकांनी उचलून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. सिस्टर हॅनाफिन दोन घोंगड्या घेऊन आली. मी म्हटलं, लागणार नाहीत. तिने हात आत घालून बघितलं आणि घोंगड्या परत नेल्या.

निघताना त्याने डोळे मिटून घेतले होते. त्याला ती गाडी आवडत नव्हतीच. नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा उघडले. आधी पायांकडे बघितलं, मग काट्याकडे. मग डावा हात उचलून हीटरच्या जाळीवर ठेवला आणि घरी येईपर्यंत काढला नाही. मी त्याला तुझं सगळं पत्र वाटेत तोंडी सांगितलं. झडप क्लॅरीने काढली होती, तो चुकलो म्हणतो, माफी मागतो. ‘नको’ म्हणाला. मी म्हटलं, नको काय, माफी नको? ‘नको, नको.’ चिडलाच. काय म्हणायचं ते त्याच्या तोंडातून निघेना आणि मला कळेना.

घरी आल्यावर तू पाठवलेली तांब्याची तार मी त्याच्या हातात दिली, म्हटलं, बघ, क्लॅरीकडून आली आहे. त्याने ती बोटांत फिरवली. मुडपलेलं टोक अंगठ्याने चाचपलं, दोन-तीनदा. आणि हसला. मार्चपासून पहिल्यांदा हसला. अर्धंच तोंड हसतं, पण हसला, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

मग ‘थांब’ म्हणाला आणि कागद मागितला. इस्पितळात त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवतात. एवढ्या ओळी लिहायला चहाचे दोन कप थंड झाले. मला वाचू दिलं नाही. पाकिटात त्यानेच घातलं आहे, मी नुसतं चिकटवते.

मर्ल

(सोबतचा कागद, पेन्सिलीने, अक्षरं मोठी आणि वाकडी)

क्लॅरी
तारेचा पीळ माझा आहे
झडप मी काढली होती
तुला चिठ्ठीवर माझं नाव दिसलं
चिठ्ठी परत पाठव
काटा मध्यावर आहे
ये
आल्बी